पावसात विरघळणारी छत्री

तुमच्या-आमच्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "व्याज किती?" बुडालं तर काय, हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही.

एका तरुण उद्योजकानं उभारलेल्या कर्जव्यवस्थेतही तेच. ना बँक, ना मॅनेजर! काही लोक डिजिटल नाणी ठेव म्हणून ठेवायचे, दुसरे तारण देऊन ती कर्जानं घ्यायचे, आणि सगळा व्यवहार प्रोग्राम सांभाळायचा. तारणाचा भाव कोसळला तर ठेवीदारांना भरपाई म्हणून राखीव निधी होता. त्यावर नजर ठेवायला त्यानं विमा कंपनीत मुरलेल्या सख्ख्या वहिनीला आणलं, आणि आठवड्यात तिनं कपाळाला हात लावला.

"भावजी, निधी काठोकाठ भरलाय म्हणता. पण कशानं?"

"आपल्याच कंपनीनं काढलेल्या नाण्यानं. भाव दुप्पट झालाय, वहिनी!"

"आणि कंपनी अडचणीत आली की पहिल्यांदा पडणार कोण? तेच नाणं! पावसात विरघळणारी छत्री आहे ही."

"निधी भाव न हलणाऱ्या स्थिर चलनात ठेवला तर तो वाढणार नाही, व्याज घटवावं लागेल. लोक समोरच्या कंपनीत पळतील. इथं धंदा करायचाय, रडगाणं नाही गायचं!"

वहिनीनं फोन त्याच्यापुढे सरकवला. "तुमच्या शाळेतल्या सरांची निवृत्तीची पुंजी इथंच आहे ना? त्यांना हे सांगा. ते 'चालेल' म्हणाले, तर मी परत तोंड उघडणार नाही."

त्यानं तिरमिरीत फोन लावला. "सर, आपला तो राखीव निधी आहे ना..."

"हो रे, त्याच्याच भरवशावर तर ठेवलेत. तू आहेस म्हटल्यावर मी कशाला डोकं शिणवू?"

"सहज केला होता फोन," म्हणत त्यानं तो ठेवला. लाज वाटली त्याला, अगदी मनापासून. "वहिनी, बदला निधी," तो म्हणाला.

एकदम विकलं तर आपणच भाव पाडू, म्हणून वहिनीनं ते नाणं थोडं थोडं विकलं. कर्जदारांकडून तारणही जास्त मागितलं. व्याज घटलं, निम्मे ठेवीदार गेले. ऑफिसात तिला 'ब्रेकवाल्या मॅडम' म्हणायला लागले. ती हसायची आणि कामाला लागायची.

आणि एका सकाळी बाजार गडगडला! समोरच्या कंपनीनं पैसे काढणंच बंद केलं. इथं निधी झरझर उतरला, पण मागेल त्याला पैसे मिळाले. ऑफिसात टाळ्या पडल्या. वहिनीची नजर पडद्यावरच. "टाळ्या नंतर. निधी पुन्हा भरायला घ्या."

संध्याकाळी सरांचा फोन आला. "बाजार पडला म्हणे. माझ्या पैशांचं काही झालं का रे?"

"काही झालं नाही, सर!" म्हणताना त्याचे डोळे भरून आले. या तीन शब्दांसाठी त्या बाईनं कितीतरी महिने टोमणे खाल्ले होते.

मंडळी, काही वाईट घडू न देणाऱ्यांचे सत्कार होत नाहीत, कारण दाखवायला काही घडलेलंच नसतं. आपण निदान एवढं करू या. व्याज विचारण्याआधी विचारू, वाईट दिवसासाठी बाजूला काय ठेवलंय, आणि त्या दिवशी ते टिकेल का?