गरम डब्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा डबा आहे. पोटाला पोचा, पाठीवर अडकवायला चामड्याचे दोन पट्टे, खालून निघालेली रबरी नळी आणि तिच्या टोकाला बारीक भोकांची चाळणी, असा माझा एकंदर अवतार. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावच्या कर्लिंग क्लबात मी राहतो. इथे थंडीभर बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ चालतो. तुम्हाला वाटेल, बर्फ जितका गुळगुळीत तितका दगड लांब जाईल. मुळीच नाही. गुळगुळीत बर्फावर दगड अर्ध्यातच बसकण मारतो. म्हणून बर्फावर गरम पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठून त्यांचे दाणे होतात आणि त्या दाण्यांवरून दगड सरकतो. हे शिंपडण्याचं काम माझं.

मला गावच्या एका तांबटाने घडवलं. माझं झाकण पहिल्यापासून नीट बसत नाही. ती चूक त्याची, पण बोलणी मी खातो. क्लबाचा बर्फ आधी ओरेस्टचे वडील करत, तेव्हा ते मला पाठीवर घेत; नंतर ते काम ओरेस्टकडे आलं आणि तो घेऊ लागला. पाठीवर मी, हातात चाळणी, आणि बर्फावरून उलटं चालत जायचं. हात इकडून तिकडे एकाच लयीत फिरायला हवा, नाहीतर एकीकडे दाणे दाट आणि दुसरीकडे टक्कल. ओरेस्टचा हात असा चालायचा की बाहेरगावचे खेळाडू विचारत, बर्फ कोणी केलाय? ते माझ्याकडे बघत नसत, पण असो.

सकाळी यंत्रांच्या खोलीत तो माझ्यात गरम पाणी भरायचा आणि गारठलेला तळवा माझ्या पोटावर टेकवायचा. क्षणभर टेकवला की झटकन मागे. "भाजलं की रे, म्हाताऱ्या," असं रोज म्हणायचा. रोज भाजायचं आणि रोज तो हात लावायचा. आमचा नमस्कार म्हणा ना.

मग एका थंडीत हा नमस्कार बंद पडला. काय झालं ते मला माहीत नाही. घरात कोणी गेलं नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं. ओरेस्ट नुसता कमी कमी होत गेला. अंगातला कोट न काढता खोलीत बसून राहायचा, दिवासुद्धा लावायचा नाही. एका सकाळी त्याने माझ्यावर हात टेकवला आणि तो तिथेच ठेवला. मी चांगला तापलेला होतो. मला हात असते तर मीच त्याचा तळवा उचलून बाजूला केला असता. मला खूप भीती वाटली, मित्रांनो.

नादिया, म्हणजे त्याची धाकटी बहीण, क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळते. ती बटाट्याच्या पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या, घेऊन आली आणि थबकली.

"हाताला काय झालं रे?"

"काही नाही."

"लालबुंद झालाय. भाजला तेव्हा काढला का नाहीस?"

"कळलं नाही."

नादिया त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा तळवा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. गाडी मी काढते."

"तिथे काय सांगू?"

"हेच. कळलं नाही म्हणून सांग."

मनाच्या दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. बाटली माझ्याशेजारी फळीवर असायची. मी आशेने बघत होतो, आणि बघतो तर काय, माणूस आणखीच बिघडला. सकाळी मळमळ, तोंडाला कोरड, जांभयांवर जांभया, एवढ्या थंडीत कपाळावर घाम. वर हात थरथरायला लागला. मन तर होतं तसंच, ना दुःख ना काही. थरथरत्या हाताने माझे थेंब कुठे ढीग, कुठे नुसतेच ओघळ असे पडू लागले. लॉर्न नावाचा एक जुना खेळाडू आहे, फाटक्या तोंडाचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ओरेस्ट, हा बर्फ आहे की नांगरलेलं शेत?" सगळे हसले. ओरेस्ट हसला नाही आणि चिडलाही नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. खेळ संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं. बर्फ ओरेस्टचा, म्हणून एक ग्लास त्याच्यापुढेही सरकायचा. गोळ्यांच्या बाटलीवर तर दारू नको म्हणून चिठ्ठी. ग्लास नाकारला तर कारण सांगावं लागणार, आणि आमच्या गावात एका टेबलावर सांगितलेलं कारण जेवणाआधी सगळ्या घरांत पोचतं. म्हणून खेळाच्या दिवशी तो गोळी घ्यायचाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. फळीवरून मी सगळं बघत होतो. एकदा तो नादियाला म्हणालाही, "डोक्यात मध्येच विजेचा झटका बसल्यासारखं होतं." गोळी सोडतो, हे मात्र तिला बोलला नाही.

मोठ्या सामन्यांचा दिवस आला. बाहेरगावचे संघ आले होते आणि त्या सकाळीही बाटली उघडली नाही. मला पाठीवर घेऊन तो उलटा चालू लागला. अर्ध्यात त्याला गरगरलं, पाय सटकला आणि तो खाली बसला. मी बर्फावर आपटलो, माझं ते झाकण उघडलं आणि सगळं गरम पाणी खेळाच्या पट्टीच्या मधोमध सांडलं. बर्फात खड्डा पडला. ओरेस्ट त्या पाण्यात तसाच बसून राहिला. यावेळी कोणी हसलं नाही.

मॅरिविकने त्याला उठवून खोलीत आणलं. गावातलं औषधांचं दुकान तिचं. ती मंगळवारी खेळायला येते आणि दगडापेक्षा स्वतःच जास्त घसरते. तिने दार लावून घेतलं.

"सोडतो मी ती गोळी," ओरेस्ट म्हणाला. "मळमळ, थरथर, डोक्यात विजेचे झटके. आधी निदान हात तरी चालत होता. आता तेवढंही राहिलं नाही."

"रोज घेता?"

"खेळाच्या दिवशी नाही. ग्लास येतो ना टेबलावर."

"अहो, मग शरीराने सवय करून घ्यायची तरी कधी? दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. ते झटके त्याचेच असणार. आणि घेता तेव्हा पोटात काय असतं?"

"काळी कॉफी."

"बरं आहे. मळमळीला आणि थरथरीला आवतण." तिने खिशातून खाऱ्या बिस्किटांचा पुडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "आधी काहीतरी खायचं, मग गोळी. कॉफी कमी, पाणी घोट घोट. पहिले काही आठवडे जड जातात, मग बहुतेकांचं निवळतं. तुमचं नाही निवळलं तर डॉक्टर मात्रा बदलतील, नाहीतर गोळी बदलतील. पण एकट्याने ठरवून सोडायची नाही. किती वेळा सोडली तेही आजच डॉक्टरांना सांगायचं. आणि मनात भलतंसलतं आलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच कोणालातरी हाक मारायची."

"मनात काही येतच नाही, मॅरिविक. वाईटसुद्धा नाही."

"मग तेही सांगायचं."

संध्याकाळी नादियाने मला पुसायला वर हॉलमध्ये नेलं होतं, म्हणून पुढचं मला दिसलं. लॉर्नचा संघ हरला होता. जिंकलेल्यांनी ग्लास भरले, एक ओरेस्टपुढे आला. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तो मागे सरकवला.

"मला नको. मी गोळ्या घेतोय. डोकं ठीक नाही माझं."

लॉर्नने तो ग्लास उचलला, आपल्यापुढे ठेवला आणि हाक मारली, "नादिया, याला बिनदारूचं जिंजर एल दे. माझ्याकडून."

"पण तू तर हरलास," कोणीतरी म्हणालं.

"मग काय झालं? शेत म्हणालो होतो मी त्याच्या बर्फाला. काहीतरी पाजायला नको?"

त्यानंतर काही आठवडे लॉर्नने मला पाठीवर घेतलं. त्याने केलेला बर्फ थरथरत्या ओरेस्टच्या बर्फापेक्षाही वाईट होता, पण कोणी त्याला शेत म्हणालं नाही. ओरेस्ट नादियाकडचा टोस्ट खाऊन रोज गोळी घ्यायचा, खेळ असो वा नसो. खिशात बिस्किटांचा चुरा साठला. मळमळ आधी गेली. झटके थांबले. जांभया बरेच दिवस राहिल्या. हात हळूहळू स्थिर झाला आणि मी पुन्हा माझ्या हक्काच्या पाठीवर आलो. पण तळवा माझ्यावर टेकायचा आणि तिथेच राहायचा, मग नादिया येता-जाता तो उचलायची. मी रोज वाट बघायचो. नंतर वाट बघणंही मंदावलं, खरं सांगतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. काम झालं की माझी चाळणी धुवून ठेवा, भोकं बुजली की मी कोणाच्याच कामाचा नाही. आणि तुमच्या घरात कोणी "कळलं नाही" असं म्हणालं, तर त्याचा हात हातात घेऊन बघा. त्याने काही खाल्लंय का विचारा. बरं कधी वाटणार, असं रोज विचारू नका. त्यालाही ते ठाऊक नसतं.

बर्फ वितळवायला घेण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. ओरेस्टने माझ्यात पाणी भरलं, झाकण दाबलं, तळवा माझ्या पोटावर टेकवला. आणि झटकन मागे घेतला.

"भाजलं की रे, म्हाताऱ्या," तो म्हणाला.

मग तो आपल्या तळव्याकडे बघत उभा राहिला, त्यावर फुंकर घातली, आणि मला पाठीवर घेतलं.