हाडांतलं शिसं

स्रेब्रोवोच्या शाळकरी मुलांचं रक्त त्या दिवशी प्लोव्हदिव शहरातल्या प्रयोगशाळेत आलं, आणि शिशाचे आकडे इतके वर गेले की दोंकाला यंत्राचाच संशय आला. शिशाशी संबंध नसलेल्या कुणाचं तरी रक्त लावून बघायला हवं होतं. तिच्या शेजारी काम करणाऱ्या इलियानाने बाही वर सारली.

"माझं घे. मी ते गाव सोडून जमाना झाला. तिथली शिशाची भट्टीसुद्धा कधीच बंद पडली, मातीत उरलं असेल तेवढंच."

"पोटुशीचं रक्त काढू?"

"चमचाभर तर घेतेस! काढ."

इलियानाला सहावा महिना होता. तिचा आकडा त्या मुलांपेक्षाही वर आला.

"अगं, नळाची तोटी चाटतेस की काय?" दोंका हसली, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. नवी सुई, नवी नळी, दुसरा हात. आकडा जवळपास तोच.

मग इलियानाने घर तपासून घेतलं. पाणी, भिंतींचा रंग, सासूने दिलेली चकाकत्या लेपाची मातीची भांडी. सगळं स्वच्छ निघालं, आणि तेव्हाच तिला खरी भीती वाटली. मग येतंय कुठून?

तिला तपासणाऱ्या डॉक्टर वेलिच्कोव्हांनी घराचं काही विचारलंच नाही. "लहानपणी भट्टीजवळ राहायचात?"

"अगदी समोर. वडील भट्टीवरच होते."

"मग बाहेर शोधू नका. शिसं हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं गप्प राहतं. आता बाळाची हाडं घडताहेत. त्यासाठी तुमचं शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून देतंय, त्याच्याबरोबर तेही सुटतंय."

"म्हणजे मीच माझ्या बाळाला..."

"तुम्ही नाही हो. दूध-दही भरपूर घ्या, गोळ्या देतो. रक्त अधूनमधून बघत राहू."

त्यानंतर पोटात बाळ हललं की इलियानाला स्रेब्रोवोची खिडकी दिसायची. खिडकीच्या कट्ट्यावर भट्टीतून उडालेली करडी भुकटी साचायची. ती आणि धाकटा ल्युबेन त्यात बोटाने चित्रं काढायचे आणि मग बोट चाटायचे. भुकटी गोडसर लागायची. शाळेत जायचं वय व्हायच्या आत ल्युबेनला झटके येऊ लागले, आणि एका हिवाळ्यात तो गेला. मेंदूज्वर, असं डॉक्टर म्हणाले होते. आता तिला वाटे, ती सगळी वर्षं आपल्या आत दार लावून बसली होती, आणि बाळाच्या हाताला ते दार लागलं.

मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांची आठवण करायच्या दिवशी, ती स्रेब्रोवोला गेली. आईने, पेनाने, ल्युबेनच्या थडग्यापाशी साखर घातलेले उकडलेले गहू वाटले, मातीवर वाईन ओतली. घरी परतल्यावर इलियानाने तिला सगळं सांगितलं. वाडगा पुसता पुसता पेनाचा हात थांबला.

"तुझ्या बापाचे कामाचे कपडे मी त्याच टबात धुवायचे. मग तुम्हा दोघांना त्यातच आंघोळ."

"आई, तुला कुणी सांगितलं होतं का काही?"

"सांगितलं असतं तर नसते का वेगळे धुतले?" तिने वाडगा टेबलावर ठेवला. "मग तो ज्वर नव्हताच?"

"आता कळायला मार्ग नाही. त्याचं रक्त कुणी तपासलंच नाही गं."

आईचं रक्त न्यायचं म्हणून इलियानाने सुई-नळ्या आणल्या होत्या, पण विचारायचा धीर होत नव्हता. पेनानेच हात टेबलावर पसरला.

"माझं काढ. तो माझ्याच रक्तावर वाढला ना?"

"त्यातून त्याचं काही कळणार नाही, आई."

"तुला नाही कळणार. काढ तू."

पेनाचा आकडा लेकीच्याही वर निघाला. म्हातारपणी हाडं झिजतात, तेव्हाही शिसं सुटतंच. फोनवर ऐकून ती नुसतं "असणारच" म्हणाली आणि हवेपाण्याचं बोलू लागली. पण दरवर्षी येणाऱ्या, तिच्या परसातल्या मातीत पिकलेल्या भाजक्या मिरच्यांच्या बरण्या त्या वर्षी आल्या नाहीत. इलियानाने कारण विचारलं नाही.

मुलगी झाली. नाळेतलं रक्त दोंकाने स्वतः तपासलं. आकडा आईपेक्षा कमी होता, पण होता. "रडतेय खणखणीत," दोंका म्हणाली. पुढचं कुणालाच सांगता येत नव्हतं. ती वाढेल तसं बघायचं, एवढंच.

पेना दवाखान्यात आली ती थेट नळाशी गेली. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा. नर्स शेवटी म्हणाली, "आजी, कातडी निघेल आता!" तरी ती दारातच उभी राहिली, ओले हात छातीशी धरून.

"ये ना आत," इलियाना म्हणाली.

"इथनं दिसतेय की मला."

"आई, ते हातांत नाहीये."

पेना हलली नाही. इलियाना टाक्यांची कळ सोसत उठली, दारापर्यंत गेली आणि बाळ तिच्या हातांत दिलं. पेनाने ते धरलं, पण मान दुसरीकडे वळवून, आपला श्वाससुद्धा त्याच्यावर पडू नये अशी.