चौथा रकाना

एकेचाळीस सेकंद. मी घड्याळ थांबवलं आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली.

यंत्राने झाडाला पंजा घातला, बुंधा कापला, साल सोलली, फांद्या उतरवल्या, चार सारखे ओंडके पाडून एका बाजूला रचले. सगळं एकेचाळीस सेकंदांत. हेच झाड मी ऐन उमेदीत, करवतीला नवी साखळी असताना आणि हाताशी एक जोडीदार असताना, अर्ध्या तासात उरकलं असतं आणि वर शेखी मिरवली असती. यंत्राच्या काचेच्या खोलीत बसलेल्या माणसाला साधा घामसुद्धा आला नव्हता. त्याने आतूनच भुवया उंचावून मला विचारलं, किती? मी दोन्ही हातांची बोटं पाच वेळा उघडून पन्नास दाखवले. तो हसला आणि पुढच्या झाडाकडे वळला. तक्त्यावर मात्र मी एकेचाळीसच लिहिले. तोपर्यंत मी खोटं फक्त बोटांनी बोलत होतो.

तो माणूस माझा साडू. माझी बायको मोठी, त्याची धाकटी. एका घरच्या दोन मुली करणारे दोन पुरुष जन्मभर एकाच तराजूत बसलेले असतात आणि तराजू कायम बायकांच्या हातात असतो. त्यातून या साडूला करवत धरायला मीच शिकवलेलं. पहिले तीन महिने त्याच्या साखळीला कानससुद्धा मी मारून द्यायचो. मग एक ओंडका घरंगळत येऊन माझ्या गुडघ्यावर बसला. कंपनीने मला घरी नाही बसवलं, हे तिचे उपकार. सतरा वर्षं करवत चालवलेल्या हातात तिने एक स्टॉपवॉच, एक पाटी आणि एक पेन्सिल दिली. टोळीतले लोक मला ‘घड्याळ’ म्हणायला लागले. त्याच सुमाराला साडू चार महिन्यांचं शिक्षण घेऊन आला आणि यंत्रात चढला. आत गार हवा, फिरती खुर्ची, रेडिओ.

“धाकटीच्या ह्यांच्या कपड्यांना साबणसुद्धा कमी लागतो म्हणे,” बायको एकदा माझा सदरा पिळता पिळता म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात ते आठ दिवस होतं.

मला हेवा वाटायचा. उगाच दुसरं नाव कशाला देऊ? त्याच्या खुर्चीचा वाटायचा, पाठीचा वाटायचा, आणि सगळ्यात जास्त, तो मला अजून “दादा, दादा” करायचा त्याचा.

यंत्र सहा आठवड्यांसाठी भाड्याने आणलं होतं. लागवडीच्या जंगलाचा अर्धा तुकडा यंत्राला, अर्धा मुकादमाच्या टोळीला. टोळीत अकरा माणसं, सगळी माझ्याबरोबरची. सहा आठवड्यांनी ऑफिस बघणार होतं की एक घनमीटर लाकूड कुणाकडून स्वस्त पडतं. ज्याचं स्वस्त, त्याला उरलेली सगळी टेकडी, म्हणजे सात-आठ वर्षांचं काम.

यंत्राचा खर्च मोठा चमत्कारिक असतो. टोळी बसली तर नुसत्या गप्पा मारते. यंत्र उभं राहिलं तरी खातच असतं, भाडं खातं, विमा खातं. त्यामुळे तासातली किती मिनिटं ते खरोखर कापतं, यावर सगळं अडलेलं. आणि ती मिनिटं माझ्या पेन्सिलीत होती.

तक्त्याला चार रकाने. पहिल्यात झाडाचा नंबर आणि घेर, दुसऱ्यात कामाचा वेळ, तिसऱ्यात यंत्राचा खोळंबा, चौथ्यात माणसाचा. साखळी तुटली, तेल गळलं, पंज्यात साल अडकली की तिसरा. चालक पाणी प्यायला, फोनवर बोलला, पाय मोकळे करायला उतरला की चौथा. संध्याकाळी चालकाने तक्ता वाचून खाली सही करायची. पुढचं गणित ऑफिसात व्हायचं. ते कसं करतात हे मी कधी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी यंत्राच्या हाताच्या कोपराजवळ तेलाचा पाइप घासलेला दिसला. दिसला म्हणजे साडूला दिसला, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. नवा पाइप मागवला, तो येतोय येतोय म्हणत सहा आठवडे आलाच नाही. साडूने मग आपणहून नेम लावून घेतला. दर तासाला यंत्र बंद करायचं, खाली उतरायचं, पाइप फडक्याने कोरडा करायचा, तेलाचा टिपूस दिसतो का बघायचं आणि पुन्हा चढायचं. सहा-सात मिनिटं जायची. हे सरळ सरळ तिसऱ्या रकान्यातलं काम. पहिले तीन दिवस मी ते तिसऱ्यातच लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी टोळी डबे उघडून बसली होती आणि माझा जुना जोडीदार यंत्राकडे टक लावून बघत होता. सतरा वर्षं आम्ही दोघांनी एकेका झाडाच्या दोन अंगांना उभं राहून काम केलेलं. झाड कुठे पडणार हे तो माझ्या खांद्यावरून ओळखायचा.

“काय हात आहे रे तुझ्या साडूचा!” तो म्हणाला. “बघ, बघ, बाजूच्या रोपाला धक्कासुद्धा नाही लागला. नुसतं बघत बसावंसं वाटतं.”

“यंत्र करतंय ते,” मी म्हणालो.

“यंत्र काय करतंय! परवा तो दुसरा आला होता दाखवायला, त्यानं काय धिंगाणा घातला बघितलास ना? माणूस लागतो, बाबा.”

सतरा वर्षांत माझ्या हाताबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. आणि पोटावर पाय देणाऱ्याचं कौतुक करताना त्याचा घास हातात तसाच राहिला होता. तेवढ्यात साडू उतरला, फडकं काढलं आणि पाइप पुसायला लागला, तोंडाने रेडिओतलं गाणं चालूच. मी पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर टेकवली होती. तिथून उचलून चौथ्यात लिहिलं, सात मिनिटं.

संध्याकाळी साडू तक्ता वाचताना थांबला.

“दादा, पाइप पुसला तो चौथ्यात कसा?”

“तू उतरलास ना? चालक उतरला की चौथा.”

“परवा तर तिसऱ्यात होता.”

“परवा चुकलं माझं.”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणताय म्हणजे असेल,” म्हणाला आणि सही केली. सही त्याची कायम मोठी, शाळकरी पोरासारखी.

एकदा केलं की पुढचं सोपं जातं. पंज्यातली साल काढली, चौथा. साखळीचा ताण बघितला, चौथा. मी मनाची समजूत घालत होतो की हे टोळीसाठी आहे. यंत्राचा दोष दुरुस्त होतो, माणसाचा होत नाही; चौथा रकाना फुगला की ऑफिसला यंत्र महाग वाटेल, ते परत जाईल, अकरा चुली पेटत्या राहतील. हे खोटं नव्हतं. पण यंत्रात माझा साडू नसता आणि दुसरा कुणी परका असता, तर त्या अकरा चुली मला इतक्या आठवल्या असत्या का, हे मी स्वतःला विचारलं नाही. यंत्र परत गेलं असतं तर साडूला करवत घेऊन टोळीत यावं लागलं असतं. त्याच्या साखळीला कानस मारून द्यायची मी मनातून तयारीसुद्धा ठेवली होती.

सहा आठवडे संपल्यावर ऑफिसातून बोलावणं आलं. खर्चाचं बघणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची, हुशार आणि बोलायला गोड.

“काका, बसा. तुमचे तक्ते म्हणजे ना, एक खाडाखोड नाही. आणि निकाल बघा तरी! यंत्राचा खोळंबा तासाला जेमतेम दोन मिनिटं. बनवणारे स्वतःसुद्धा सहा सांगतात.”

“पण माणसाचा धरला तर...”

“माणसाचा तेरा! भयंकर आहे.”

“मग यंत्र महागच पडलं ना?” माझा आवाज जरा जास्तच आशेने निघाला.

“नाही हो. माणसाचा खोळंबा आम्ही वजा करतो. यंत्राचा दोष असता तर तो खर्चात धरावाच लागला असता. माणूस काय, बदलता येतो.” तिने कागद माझ्याकडे फिरवला. “तेवढं काढून टाकलं की यंत्र टोळीपेक्षा कितीतरी स्वस्त. आम्ही एक नाही, दोन घेतोय. टोळीला या महिन्याअखेर मोकळं करायचं आणि यंत्रावर नवा चालक. तुमच्या नात्यातले आहेत ना ते? वाईट वाटलं असेल तुम्हाला. तरी तुम्ही नातं मध्ये येऊ दिलं नाही, ते सगळ्यांनी पाहिलंय.”

मी कागदाकडे बघत राहिलो. पाइप तिसऱ्यात धरला असता, साल तिसऱ्यात, साखळी तिसऱ्यात, जे जिथे होतं तिथे लिहिलं असतं, तर? मी विचारलं.

“समजा, यंत्राचा खोळंबा बारा-तेरा मिनिटं निघाला असता तर?”

“तर परत पाठवलं असतं,” ती सहज म्हणाली. “का हो?”

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. पण ती म्हणाली, “दोन्ही यंत्रांची मोजणी आता तुमच्याकडेच,” आणि मी वाक्य गिळलं. म्हणालो, “काही नाही, सहज विचारलं.”

मुकादमाने जाताना माझा हात हातात घेतला. “तू तरी काय करणार!” म्हणाला. जुन्या जोडीदाराने नुसती मान हलवली आणि करवत खांद्यावर टाकून निघून गेला.

साडू आपली गादी, रेडिओ आणि पाण्याची बाटली यंत्रातून काढून पिशवीत भरत होता. नवा चालक खाली उभा राहून फोन बघत होता. मी जवळ गेलो.

“बाईंनी तक्ते दाखवले,” साडू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. “मी म्हटलं, ही कामं यंत्राची आहेत. त्या म्हणाल्या, मग सही का केलीत? रोजच्या रोज केली होती मी.”

“अरे, मी...”

“त्या पाइपचं तेवढं ह्याला सांगा, दादा. तासातासाला बघायला लागतो. फुटला तर गरम तेल सरळ काचेवर येईल. मी सांगितलं तर त्याला वाटेल, गेलेला माणूस खोड काढतोय. तुमचं ऐकेल.”

एवढं बोलून तो पिशवी उचलून उतारावरून खाली गेला. मी नव्या चालकाला पाइपचं सांगितलं. तासाभराने तो उतरला, फडक्याने पाइप पुसला आणि चढला. मी घड्याळ बघून सहा मिनिटं लिहिली. तिसऱ्या रकान्यात. पेन्सिल जराही अडखळली नाही.

रविवारी दुपारी ती दोघं आमच्याकडे जेवायला आली. बोलावणं आधीचं होतं. मला वाटलं होतं, येणार नाहीत. निदान येऊ नयेत, असं फार वाटत होतं. धाकटीचे डोळे सुजलेले दिसतात का, हे मी चोरून बघितलं. सुजलेले नव्हते.

“अशी कशी नोकरी गेली गं?” बायकोने वाढता वाढता सरळ विषयालाच हात घातला. “अहो, तुम्ही तर तिथंच होता. काय झालं नक्की?”

मी पाण्याचा पेला शोधायला लागलो, तो समोरच होता.

“गेली नाही, मीच सोडली,” साडू म्हणाला. “ताई, ते यंत्र लांबून बरं दिसतं. दिवसभर कंबर हादरते. डॉक्टर म्हणाला, पाच वर्षांत वाकून चालशील.”

“तरी मी म्हणतच होते,” धाकटी म्हणाली, “रात्री उठून बसायचे.”

तिला ठाऊक होतं की नव्हतं? मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होतो आणि मला काही सापडत नव्हतं. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्ही काही घेतच नाही. वाढ गं ताई त्यांना. आणि एक सांगू का, तुमचा शब्द ऑफिसात चालतो. यांच्यासाठी एखादं बैठं काम असलं तर बघाल ना? मोजणीचं वगैरे?”

“त्यांना कशाला अडचणीत टाकतेस,” साडू म्हणाला. “नात्यातला माणूस म्हटलं की लोक बोलतात. दादांनी आजवर तसलं काही केलं नाही.”

हे तो ताटातला भात कालवता कालवता म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. वर बघ ना एकदा, मी मनात म्हणत होतो. एकदा रागाने बघ, माझा बुरखा फाड, या दोघींसमोर मला काय वाटेल ते बोल, म्हणजे आपली फिटंफाट होईल. त्याने मीठ मागितलं. बायकोने ते घाईघाईने पुढे केलं आणि माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं अशा नजरेने त्याच्याकडे बघितलं.

जेवणं झाली. कंपनीची गाडी आता त्यांना नव्हती. मी म्हणालो, “थांबा, सोडतो मी.”

“नको दादा, चालतो. जेवण जास्त झालंय.”

मी फाटकापर्यंत गेलो. ती दोघं रस्त्याला लागली. रहदारीच्या बाजूला तो, आतल्या बाजूला ती. तो नेहमीपेक्षा सावकाश चालत होता, तिच्या चालीने. थोडं पुढे गेल्यावर तो काहीतरी बोलला आणि ती हसली, चांगली मान मागे टाकून हसली. काय बोलला असेल? नोकरी जाऊन तीन दिवस झालेला माणूस बायकोला काय सांगून इतकं हसवत असेल?

“गेले का?” आतून बायकोने विचारलं.

“जातायत,” मी म्हणालो, आणि ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.