बिननावाची वाटी

माझ्या थोरल्या भावाने, यशराजदादाने, दोन वर्षांपूर्वी परदेशातून दोन यंत्रं मागवली आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या एकाचा जीव घेतला. यंत्रं कसली, काडेपेटीएवढ्या डब्या. एक प्लास्टिकची, एक पोलादाची. त्यांना तो वॉलेट म्हणायचा. आईला वाटलं, खिशात ठेवायचं पाकीट असेल. पण त्यात दहाची नोटसुद्धा मावत नव्हती, तेव्हा तिने त्या वस्तूतून मन काढून घेतलं.

सांगवीतल्या आमच्या अंगणात दादाने दोन्हींची परीक्षा घेतली. आधी गच्चीवरून टाकल्या, मग तासभर बादलीत बुडवल्या, शेवटी ट्रॅक्टरच्या चाकाखाली घातल्या. प्लास्टिकची बादलीतच गेली. पोलादाची चाकाखालून ओरखडे घेऊन निघाली आणि तिचा इवलासा पडदा उजळला. दादा असा खूश झाला की जणू बैलगाड्यांची शर्यत जिंकलाय.

मी बारामतीत एका लॅबमध्ये रक्त तपासते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला शिकवलेलं आहे. तरी त्या दिवशी मी मान डोलावली, कारण त्या डबीत माझी पाच वर्षं जायची होती. इंदापुरात स्वतःची लॅब टाकायची म्हणून पगारातून मी जे मागे टाकलं होतं, ते सगळं दादाच्या सांगण्यावरून मी क्रिप्टोत घातलं होतं. आई म्हणायची सोनं घे. मी शहाणी, भावाचं ऐकलं.

दादाने मला समजावलं ते असं. पैसे डबीत नसतात, पैशांची किल्ली डबीत असते. डबीला एक पिन असतो. तो दहा वेळा चुकला, की चोर आलाय असं समजून डबी आतलं सगळं पुसून टाकते. मग मालकाने काय करायचं? त्याच्यासाठी चोवीस इंग्रजी शब्द असतात. शुगर, गोट, लॅडर, असले पहिलीच्या पुस्तकातले. ते ओळीने घातले की किल्ली परत मिळते. शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर पैसे त्याचे. शब्द हरवले तर पैसे कुणाचेच नाहीत. तक्रार करायला मॅनेजर नाही की साहेब नाही.

हे शब्द कागदावर लिहायचे असतात. पण माझं दहावीचं गुणपत्रक आमच्या कपाटातल्या वाळवीने खाल्लेलं आहे. दादा म्हणाला, कागद नको, धातू पाहिजे. परदेशात त्यासाठी पोलादी पट्ट्या मिळतात, त्यांची किंमत ऐकून मीच त्याला म्हटलं, की आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालतात, तसे शब्द घालून घे. आजीच्या नावाचा तांब्या अजून घरात आहे, आजी जाऊन वीस वर्षं झाली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते दादासारख्यांसाठीच. त्याने सहा नव्या वाट्या घेतल्या. एकेका वाटीच्या बुडाला चार शब्द, आणि वाटीचा क्रम कळावा म्हणून तितके बारीक ठिपके. एकाच कारागिराच्या नजरेखालून सगळे शब्द जायला नकोत, म्हणून तीन वाट्या बारामतीत मशीनवर कोरून घेतल्या आणि तीन इंदापुरात फारुकचाचांकडे. चोराने घर धुऊन नेलं तरी वाटीकडे कोण बघतंय, असा त्याचा हिशेब होता.

फारुकचाचांकडे मी बरोबर होते. भांड्यांचं दुकान, दाराशी स्टूल, मांडीवर भांडं आणि हातात गुणगुणणारी सुई. तीस वर्षं हेच काम. तीन वाट्या झाल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "नाव काय घालू?"

दादा म्हणाला, नाव नको.

"बिननावाचं भांडं घरी परत येत न्हाय बाळा," चाचा म्हणाले.

या वाट्या घराबाहेरच जायच्या नाहीत, असं दादाने त्यांना सांगितलं. चाचा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी पैसे घेतले. परतताना दादाने मला बजावलं, की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. वाट्या त्याने माळ्यावरच्या पितळी डब्यात ठेवल्या. मला ते पटलं नव्हतं, पण मी गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माझ्यावरच येतो.

यंदाच्या जानेवारीत मला इंदापुरात बसस्टँडजवळ गाळा मिळाला. महिन्याच्या आत अनामत भरायची होती. शनिवारी सकाळी दादाने मला पैसे काढून दाखवायचं कबूल केलं. त्याने कपाट उघडलं तर डबी जागेवर नव्हती. ती पलंगाखाली त्याच्या लेकीकडे, चार वर्षांच्या छकुलीकडे होती. बटण दाबलं की आकडे हलतात, हा खेळ तिला भारी आवडला होता. तिने दहाच्या दहा संधी वापरल्या होत्या. ट्रॅक्टरला न हरलेली डबी छकुलीपुढे हरली.

दादा घाबरला नाही. शब्द आहेत की, म्हणाला. शिडी लावून त्याने माळ्यावरचा पितळी डबा काढला. डबा रिकामा होता.

आईने दिवाळीच्या साफसफाईत वाट्या खाली काढल्या होत्या. नवी भांडी नुसती कशाला पडून राहायची, असा साधा विचार. आणि खरंच, मांडणीत बघितलं तर त्या होत्या. म्हणजे तीन महिने आम्ही माझ्या लॅबमधून आमटी पीत होतो. बारामतीच्या मशीनची अक्षरं तारेच्या घासणीने इतकी पुसट झाली होती, की मला भिंग लावून उन्हात वाचावी लागली. चाचांची अक्षरं नखाला लागत होती. पण वाट्या पाचच होत्या. चार ठिपक्यांची, चाचांच्या हातची, नव्हती.

एखादा शब्द गेला असता तर कॉम्प्युटरवर शोधून काढला असता, दादा म्हणाला. चार शब्द शोधायला जन्म पुरायचा नाही. मी आईला विचारलं, वाटी कुठे गेली? तिला आठवेना. वाट्या येतात, जातात. कुणाला विरजण, कुणाला पिठलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव आहे, ती आपली आपण परत येतात, त्यामुळे तिला कधी लक्षात ठेवावं लागलंच नाही. दादा तिच्यावर ओरडला. स्वतःच्या चुकीचं खापर त्याने तिच्या डोक्यावर फोडलं आणि मी ते फोडू दिलं. आई ओट्याला टेकून उभी राहिली. "मला सांगितलं असतंस तर देव्हाऱ्यात ठेवल्या असत्या," एवढंच म्हणाली.

दादाला शेवटची आशा फारुकचाचांची होती. त्याने जागच्या जागी त्यांना स्पीकरवर फोन लावला आणि आईने वाटी कुणाला तरी दिल्याचं सांगितलं. त्यांनी शब्द कुठे लिहून ठेवलेत का, त्यांना आठवतात का, हे विचारताना त्याच्या आवाजात विनवणीही होती आणि संशयही. मला ऐकून लाज वाटली. चाचांना संशय कळला असणार, पण ते रागावले नाहीत.

"मी अक्षरं मोजतो, वाचत न्हाय," ते म्हणाले. "वाचत बसलो असतो तर आख्ख्या तालुक्याची सोयरीक आन् भांडणं माझ्या डोक्यात बसली असती." मग त्यांनी विचारलं, "आईला वाटी कुठं गेली आसं इचारलंस व्हय? तसं न्हाय इचारायचं. त्यात काय दिलं हुतं ते इचार."

मी आईजवळ गेले आणि तसं विचारलं. विरजण चिनी मातीच्या भांड्यातून दिलं, पिठलं डब्यातून. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "लोणचं. कैरीचं."

आमचा ऊस तोडायला डिसेंबरात बीडकडची टोळी आली होती. त्यातली नकोशी म्हणून एक बाई पोटुशी होती, तोंडाला चव नव्हती. एका दुपारी ती पाणी भरायला आली तेव्हा आईने हाताला लागलेल्या वाटीत लोणचं घालून दिलं होतं. मग टोळी हलली. मुकादमाला फोन केला, तर टोळी भिगवणजवळ डाळजला होती.

दादाने मोटारसायकल काढली. भिगवणपर्यंत तो एकच गोष्ट बोलत राहिला, की ती वाटी आता भंगारात असणार. असल्या लोकांकडे वस्तू टिकते का, म्हणाला. मी मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा भाऊ आवडला नाही.

डाळजला फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. नकोशी चुलीपाशी बसली होती, दिवस भरत आलेले. मी प्रयागबाईची मुलगी म्हटल्यावर ती लगबगीने उठायला लागली, मीच तिला बसवलं. वाटीचं नाव काढताच ती म्हणाली, "कवाधरनं वाट बघतीय मी. सांगवीत तीन घरच्या वाट्या आल्त्या माझ्याकडं. दोन वाट्यांवर नावं हुती, त्या ट्रॅक्टरवाल्यासंगं धाडल्या. तुमच्यावर नावच न्हाई. मुकादमानं, डायवरनं, समद्यांनी वाचली, म्हनले हितं बकरी लिवलीय, शिडी लिवलीय, मानूस कुनीच न्हाई."

दादाने मान खाली घातली. मुकादम, ड्रायव्हर, आणखी कोण कोण, सगळ्यांनी आमचे गुप्त शब्द मोठ्याने वाचले होते आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तिने कोपीतून वाटी आणली. चुलीवर ठेवून ठेवून बूड काळंभोर झालं होतं. दादाने हात पुढे केला तशी तिने वाटी मागे घेतली. "रिकामी कशी देऊ?"

दादा म्हणाला, असू द्या. ती ऐकेना. चुलीवर उजनीच्या चिलापीचं कालवण शिजत होतं. तिने वाटी विसळली आणि काठोकाठ कालवण वाढलं, वर माशाचा तुकडा ठेवला. आता वाटी उलटी करता येईना, आणि दिलेलं अन्न मातीत ओतता येईना. दादा शनिवारी मांसमच्छी शिवत नाही. लहानपणापासून मारुतीचा शनिवार त्याने एकदाही मोडलेला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली. मग तो तिथेच मातीत मांडी घालून बसला आणि ती वाटी त्याने चाटून पुसून संपवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. तिखटाने आलं, असं तो अजून सांगतो.

चुलीतली राख घेऊन मी बूड घासलं. काजळी निघाली आणि चाचांची अक्षरं एकेक करून वर आली. चारही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. पाच वर्षं उन्हातान्हात एसटीला लटकून बारामती गाठलेली, सुया टोचलेली, शिव्या खाल्लेली, ती सगळी माझ्या तळहातावर होती. मी तिथेच रडले. त्यात काय होतं एवढं, असं नकोशीने विचारलं, तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं. तिला क्रिप्टो कळलं नाही, पाच वर्षं कळली.

वाटी शब्दांसाठी घरी न्यावी लागणार होती, म्हणून मी म्हटलं, काम झालं की ही तुझीच, नाव घालून आणून देते. काय नाव घालू?

तिने पोटावर हात ठेवला. "माझं नगं," म्हणाली. "माझं नाव आईबापानं पोरगी नगं म्हनून ठिवलंय. त्ये भांड्यावर कशाला? हिचं घाला. हिला मी चांगलं नाव ठिवनार हाय, पर अजून ठरलं न्हाई." मुलगीच होणार, हे तिने कसं ठरवलं होतं, मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी पोलादी डबी पुन्हा सुरू झाली. जुने शब्द आता चारचौघांनी वाचलेले, म्हणून दादाने सगळे पैसे नव्या किल्लीवर नेले. नवे चोवीस शब्द कुठे आहेत ते मी सांगणार नाही. ते ठेवण्याआधी दादाने आईची माफी मागितली आणि जागा तिनेच निवडली, एवढं सांगते. शिडी लागत नाही.

गाळ्याची अनामत भरायला इंदापूरला गेलो तेव्हा वाटी घेऊन चाचांकडे थांबलो. त्यांनी चाकावर धरून बुडावरचे चारही शब्द घासून काढले. मग सवयीने सुई उचलून विचारलं, नाव काय? मी त्यांना नकोशीचं म्हणणं सांगितलं. बिननावाचं भांडं त्यांच्या दुकानाची पायरी सहसा उतरत नाही. त्यांनी वाटी फिरवून फिरवून बघितली, आणि काठाखाली बारीक अक्षरात घातलं, 'सांगवीच्या प्रयागआजीकडून'. त्याच्या वर बोटभर जागा त्यांनी मोकळी ठेवली.

मी पैसे विचारले. नाव घालायला आणशील तेव्हा दे, म्हणाले.