झाडून टाकलेला पुरावा

मित्रांनो, मी एक जुना पन्हळी पत्रा आहे. अंगावर गंज चढला आहे, पण जीभ शाबूत आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी मत्सरी आहे. गोड बोलून आपली कहाणी सांगणे मला जमत नाही.

कारखान्यात लाटला गेलो, जस्ताच्या पाण्यात बुडून निघालो आणि थोरलीच्या घरावर येऊन बसलो. दोन भावांची दोन घरे, अंगणांच्या मध्ये एकच भिंत. इकडे थोरली जाऊ, तिकडे धाकटी. माझ्याखालच्या खोलीत त्यांचे सासरे झोपायचे. बावीस वर्षे मी ऊन खाल्ले, पण म्हाताऱ्याच्या खाटेवर थेंब पडू दिला नाही. थोरली मला दर वर्षी हिरवा रंग लावायची. भिंतीपलीकडचा पत्रा माझ्याच वयाचा. त्याला कुणी कधी ब्रशही दाखवला नाही. तेव्हा तो माझ्यावर जळायचा. ते दिवस चांगले होते.

मग एका दुपारी वादळ आले. हुक वाशाला तसेच राहिले आणि मी त्यांच्यातून फाटून निघालो. भिंत ओलांडून धाकटीच्या अंगणात आपटलो. पलीकडचा पत्राही उडून तिथेच पडला.

दोन्ही घरांचा विमा एकाच कंपनीचा. आता अक्कल बघा. पाहुणे येणार म्हणून घर आवरावे, तसे थोरलीने विम्याचा सर्व्हेअर येणार म्हणून घर आवरले. माझ्यासोबत उडालेले बाकीचे फाटके पत्रे भंगारवाल्याला दिले, खोली पुसली, वर ताडपत्री बांधली. धाकटीने काडी हलवली नाही. फक्त मला उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवले.

"अगं, साहेब यायचाय. निदान पसारा तरी उचल," थोरली भिंतीवरून म्हणाली.

"राहू द्या जाऊबाई. वादळ आलं होतं हे त्यालाही कळू दे."

साहेब आला. त्याने पलीकडच्या पत्र्याचे फोटो काढले. उभा, आडवा, जवळून, लांबून. नवरीचेही कुणी इतके काढत नाही. मी दहा हातांवर खुराड्याचे झाकण होऊन पडलो होतो. माझ्याकडे त्याने मानही वळवली नाही. त्या आळशी, बिनरंगी पत्र्याचे लाड बघून माझ्या पन्हळीपन्हळीत आग पेटली.

धाकटीचा दावा मंजूर झाला. थोरलीला पत्र आले: छप्पर जुने होऊन झिजले होते, वादळाने गेल्याचा पुरावा नाही. पुरावा भंगारवाल्याने नेला होता, हे खरे. पण तोच वारा, तीच भिंत, शेजारच्या घराला भरपाई दिलेली; वर चढून एकदा बघायला साहेबाच्या पायांना काय मेंदी लागली होती? पहिल्या नकाराला माणूस गप्प बसतो, हे या लोकांना पाठ असते.

धाकटीच्या छपरावर नवे पत्रे चढू लागले, तशी थोरली त्या बाजूची खिडकी लावून घेऊ लागली. सासऱ्यांची खाट स्वयंपाकघरात आली.

"सूनबाई, भाजी परतशील तेव्हा मलाही एकदा परत," म्हातारा म्हणाला. "एक अंग आखडलंय."

थोरली हसली नाही.

धाकटीकडे काम करणाऱ्या मिस्त्रीने वरूनच थोरलीच्या वाशांकडे पाहिले. "ताई, तुमच्या हुकांत पत्र्याचे तुकडे अडकलेत. गंजून सुटलेला पत्रा तुकडे ठेवून जात नाही. त्यातला एक पत्रा दाखवा, मी सिद्ध करतो."

"सगळे दिले हो भंगारात."

"एक आहे," धाकटी खालून म्हणाली. "माझ्या खुराड्यावर. हिरवा."

थोरली दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी फोडणीचे तेल म्हाताऱ्याच्या हातावर उडाले, तेव्हा गेली.

"तो पत्रा हवा होता."

"न्या की. कधी मागताय याचीच वाट बघतेय."

"मग आणून द्यायचास."

"दिला असता, तर म्हणाला असतात, भंगार टाकलं माझ्या दारात."

"म्हणाले असते खरं," थोरलीने कबूल केले.

तिने फेरपाहणीचा लेखी अर्ज दिला, हुकांचे फोटो जोडले. या वेळी दुसरा साहेब आला आणि शिडी चढला. मिस्त्रीने मला हुकाशी धरले. तुटलेला तुकडा माझ्या भोकात दातासारखा बसला.

"गंजानं खाल्लेल्या भोकाच्या कडेचा भुगा होतो, साहेब. हे लांब चिरत गेलंय, कड बाहेर वळलीय. हे ओढल्याशिवाय होत नाही."

साहेबाने माझे अकरा फोटो काढले. मी मोजले. पलीकडच्याचे नऊच होते.

दावा मंजूर झाला. पत्रे जुने म्हणून भरपाईतून वजावट झाली, पण जेवढी धाकटीची, तेवढीच थोरलीची.

आता माझ्या जागेवर नवा पत्रा आहे. म्हातारा त्याच्याखाली झोपतो आणि सकाळी वर बघून म्हणतो, "काय झकास छप्पर आहे." बावीस वर्षांत मला हे कधी म्हणाला नाही.

मित्रांनो, वादळानंतर आधी फोटो काढा, मग झाडू हातात घ्या. ताडपत्री जरूर बांधा, पण दावा मिटेपर्यंत फाटका तुकडाही टाकू नका. नकार आला तर कारण लेखी मागा आणि पुन्हा बघायला बोलवा. आणि परसात एखादा जुना पत्रा भिंतीला टेकलेला दिसला, तर त्याच्यासमोर नव्याचे कौतुक करू नका. आम्हाला ऐकू येते.