करंगळीचा दाब

वामनराव दलालांनी दुखणं आठ दिवस अंगावर काढलं आणि ऐन बाजाराच्या सकाळी मला बोलावलं. न्हाव्याच्या हातात काय जादू असते? निम्म्या अमरावतीची अंगं रगडली मी, पण असा ताठलेला माणूस पाहिला नव्हता. मान लाकूड, खांदे कानाशी. सातासमुद्रापार लढाई पेटून कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून सगळ्याच दलालांची झोप उडाली होती. ह्यांचं कारण वेगळं होतं.

बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलालाने रुमालाखाली व्यापाऱ्याच्या हातात हात द्यायचा, जितकी बोटं दाबली तितका भाव. दाबली की सौदा पक्का. मागच्या बाजारी दर्यापूरच्या महादेवरावांचा कापूस चारावर जायचा तो तीनावर गेला. महादेवराव भडकले, तेव्हा वामनरावांनी अंबादेवीची शपथ घेतली, "म्या चारच दाबली. व्यापारी खोटा हाय." देवीचं नाव आल्यावर महादेवराव गप्प बसले. आज समोर पुन्हा तोच व्यापारी येणार होता.

"चंद्रभान, उजवा हात मोकळा कर. मुंग्या येऊन राहिल्या."

मी खपलो. मानेपासून खांदा, खांद्यापासून मनगट, तेल जिरेपर्यंत अंगठ्याने रेटत गेलो. हळूहळू खांदे खाली आले, श्वास लांब झाला. मलाही हायसं वाटलं.

"पाहू बरं," म्हणत त्यांनी माझा हात धरला, वर पंचा टाकला. "किती?"

"तीन," मी बोलून गेलो.

त्यांचा चेहरा उतरला. "नीट सांग. चार दाबली म्या."

पुन्हा दाबली. मी डोळे मिटून चौथं बोट शोधलं. करंगळी माझ्या हातावर नुसती पडून होती. खोटं बोलावं असं फार वाटलं, दया आली मला त्यांची. पण बाजारात दर्यापूरहून महादेवरावांच्या गाड्या येऊन उभ्या होत्या.

"तीनच, मालक. करंगळी दाबत नाई. तुमाले समजून नाई राहिलं."

त्यांनी पंचा ओढून काढला आणि करंगळीकडे पाहिलं. "मंग तो व्यापारी खरा," ते म्हणाले, "अन् म्या देवीची शपथ घेतली."

खांदे पुन्हा कानाशी गेले. माझी सगळी मेहनत मातीत गेली. त्यांनी अंगरखा चढवला, खुंटीवरचं पागोटं काढून काखेत धरलं आणि बोडक्यानेच दाराकडे निघाले.

"मालक, पागोटं तरी घाला. लोक काय म्हनतील?"

"डोक्यावर नाई घ्याचं ते," वामनराव म्हणाले. "महादेवरावाच्या पायावर ठेवाचं हाय."