मी कसा कसा पडलो

कारखान्यांच्या उंच चिमण्या रंगवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे पडण्याचा विषय निघाला की मला चेव येतो. छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात भरती झालो, तर सिस्टर कागद घेऊन हजर. पेशंट पडण्याचा धोका किती, ते गुण देऊन ठरवतात. गुण वाढले की मनगटावर पिवळा पट्टा, आणि बाथरूमला जाताना दंड धरायला एक मावशी. काहीही झालं तरी मला एकट्यानंच जायचं होतं.

"आजोबा, वर्षभरात कधी पडलात?"

"वर्षाचं काय घेऊन बसलात! एकदा दोनशे फुटांवरून पडलो. खाली पोचेपर्यंत दाढी वाढली. हिनं ओळखलंच नाही!"

शेजारच्या खाटेवरचे मास्तर हसता हसता खोकले.

"दुसऱ्यांदा पडलो तो ढगातच अडकलो. उतरवायला शिडी मागवावी लागली."

सिस्टरनी एक अक्षर लिहिलं नाही. माझी बाही वर सारली. "मग कोपरावरचा हा काळानिळा डाग ढगात लागला का?"

स्टुलावरून बायको उठलीच. "अहो, दाराला लागलं म्हणाला होतात ना?"

आता मात्र थापा संपल्या. आठ दिवसांपूर्वी ही बाजारात गेली होती. मी पलंगावरून झटकन उठलो, पायजम्यात पाय घालायला वाकलो, डोळ्यांपुढे अंधारी आली. पडण्याची एकूण उंची अडीच फूट. तासभर उठताच येईना. हे सगळं खरं खरं सांगून टाकलं.

"तासभर?" बायको म्हणाली. "आणि मी आले तर म्हणे, गार वाटतं म्हणून फरशीवर लोळतोय!"

सिस्टरनी आडवं असताना ब्लडप्रेशर मोजलं, मग उभं करून मोजलं. उभं राहताच ते धाडकन तीसनं खाली.

"तुम्ही नाही, तुमचं प्रेशर पडतंय. प्रेशरच्या गोळीचा डोस बघायला हवा."

पट्टा बसलाच. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. चार दिवस मावशींनी माझा दंड असा धरला, जणू मी पळून जाणार होतो.

पाचव्या दिवशी उभं राहूनही प्रेशर जागचं हललं नाही. खुर्चीतून उठून दहा फूट चाललो, वळलो, परत येऊन बसलो. सिस्टरच्या घड्याळात दहा सेकंद. त्यांनी कात्रीनं पट्टा कापला.

"उठण्याआधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं."

बसलो. मग एकटा बाथरूमला गेलो आणि दार लावून घेतलं.

"कडी लावू नका हो!" बाहेरून बायको ओरडली.

लावली होती. काढली.